पाण्याची बदली

मुळशी तालुक्यात समुद्र सोडून सगळ्या प्रकारचं पाणी आहे. पाऊस तर असा पडतो, की जून ते सप्टेंबर आमच्या पौडच्या शाखेत नोटा आणि खातेदार दोन्ही ओलेच येतात. धरण आहे, ओढे आहेत, धबधबे आहेत, आणि दर रविवारी ते बघायला येणाऱ्या पुणेकरांच्या मोटारींची एक अखंड नदीही आहे. नाही तो फक्त समुद्र. त्यामुळे पुणेकरांचं मुळशी म्हटलं की जे होतं, तेच आम्हां मुळशीकरांचं समुद्र म्हटलं की होतं. म्हणजे आधी घरातली मंडळी खूष होतात आणि मग खर्चाचा विषय निघतो.

यंदा तो विषय आमच्या हेडकॅशियरनेच काढला. 'खासगी होडीतून, खासगी मार्गदर्शकासह, ऐतिहासिक बंदरांची सहल' असा प्रस्ताव त्याने जेवणाच्या सुट्टीत मांडला. 'खासगी' हा शब्द त्याने अशा काही थाटात उच्चारला, की ऐतिहासिक काय आहे हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आता खासगी सहल म्हणजे काय, ते मी स्वानुभवाने सांगतो. सार्वजनिक सहलीत गैरसोय झाली, तर अनोळखी माणसांना नावं ठेवता येतात. खासगी सहलीत ती सोय नसते. गैरसोय करणारे, सोसणारे आणि तिचे पैसे भरणारे सगळे एकाच डब्यातून चटणी खात असतात.

होडी दहा माणसांची होती आणि आम्ही बायकामुलं धरून नऊ भरत होतो. रिकामी जागा म्हणजे हेडकॅशियरला थकलेलं कर्ज वाटतं. ती जागा 'वसूल' कशी करावी, याची चर्चा काउंटरच्या आत चालली होती, आणि काउंटरच्या बाहेर पासबुक भरून घ्यायला आलेले एक आजोबा ती शांतपणे ऐकत होते. धरणाच्या काठावरच्या एका वाडीत राहणारे, ऐंशीच्या घरातले हे आमचे जुने खातेदार. पासबुक हातात घेऊन ते म्हणाले, "सायेब, मला बी न्या की. आमचं पानी कुटं जातं, ते येकदा बगायचंय."

मी म्हटलं, "आजोबा, आम्ही बंदरं बघायला चाललोय."

"व्हय. तितंच जातं ना ते."

गंमत अशी, की आजोबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. इथे थोडं हिशेबाचं बोलायला हवं. मुळा नदीची मूळ नेमणूक पूर्वेकडची. मुळशीहून निघायचं, पुण्यात मुठेला भेटायचं, पुढे भीमा, मग कृष्णा आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात सेवानिवृत्त व्हायचं, असा तिचा हजारो वर्षांचा शिरस्ता. पण गेल्या शतकात, १९२० च्या सुमारास, टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांवर मुळशीला धरण बांधायला घेतलं. डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे बोगदा काढला आणि घाटाखाली भिऱ्याला पाण्याला सुमारे पाचशे मीटर उडी मारायला लावली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. वीज गेली मुंबईकडे, आणि काम आटोपलेलं पाणी तिथल्या कुंडलिका नदीत सोडून देण्यात आलं. कुंडलिका रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या भाषेत, डेबिट बंगालचा उपसागर, क्रेडिट अरबी समुद्र. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि काही रक्कम मूळ खात्यातही जमा होते. पण एरवी पाण्याची बदली कायमची.

या नोंदीत एकच त्रुटी होती. खातेदाराची सही नव्हती. मी बी.कॉम.ला जे काही शिकलो त्यातलं बरंचसं विसरलो आहे, पण सहीशिवाय रक्कम वळवता येत नाही, हे झोपेतही सांगेन. मुळशीच्या लोकांनी तेच सांगितलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, त्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती या लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. माणसं बायकापोरांसह धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीनेक वर्षं हे चाललं. सरकारच्या हाती भूसंपादनाचा १८९४ चा कायदा होता, आणि त्यात सहीचा रकानाच नव्हता. धरण झालं. पन्नासाच्या आसपास गावांना त्याची झळ पोचली आणि आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली.

तर ठरल्या दिवशी आम्ही नऊ अधिक आजोबा असे पहाटे निघालो. ताम्हिणी घाट उतरताना आमच्या सौभाग्यवती दशम्यांचा डबा मांडीवर धरून डोळे मिटून बसल्या होत्या. आजोबा मात्र खिडकीबाहेर डोंगराकडे एकटक बघत होते. "आपण डोंगरावरनं, पानी डोंगराच्या पोटातनं," ते म्हणाले. "बगू कोण पयलं पोचतंय." कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्या घेऊन शहरातली मुलं पाण्यात उतरायच्या तयारीत बसली होती. भिऱ्याला वीज तयार झाली की पाणी सुटतं, पाणी सुटलं की नदीला जोर येतो आणि मग ह्या होड्या उसळ्या मारत निघतात. बटण दाबून नदी सुरू होते हे पाहून आजोबांना फारसं नवल वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडं बटन दाबल्याव दिवा बी लागंल याची खात्री न्हाई." पुढे वाटेत शेतीचे कालवे आणि कारखाने आपापला हिस्सा कापून घेतात. उरलेली शिल्लक तेवढी समुद्रात जमा होते.

रेवदंड्याच्या धक्क्यावर आमचे खासगी मार्गदर्शक छत्री घेऊन उभे होते. निवृत्त शिक्षक. त्यांनी आधी आमची हजेरी घेतली, मग शतकांची. शिक्षकाला सहल द्या किंवा वर्ग, तो उभ्यानेच बोलतो. गुरुजी होडीतही उभे राहिले आणि तांडेल दर दोन मिनिटांनी "गुरुजी, बसा" म्हणत राहिला. गुरुजी दर वेळी बसल्यासारखं करत आणि पुढच्या सनावळीला पुन्हा उठत.

"इथे कोण कोण आलं, ते ध्यानात ठेवा," त्यांनी सुरुवात केली. "समोर माडांची गर्दी दिसते ते चौल. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या ग्रंथात हे 'सिमुल्ला', अरबांच्या लेखी 'सैमूर'. दहाव्या शतकात इथे अल-मसूदी आला. मग १४६९ च्या सुमारास रशियातून अफनासी निकितिन आला. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! कशाला आला? घोडा विकायला."

'विकायला' म्हणताच हेडकॅशियर सावरून बसला. निकितिनने एक घोडा जहाजातून इतक्या लांब आणला, चौलला उतरवला आणि घाट चढून आमच्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला नेला. तिथल्या खानाने तो अडकवून ठेवला आणि धर्म बदलशील तरच देतो म्हणाला. शेवटी खुरासानच्या एका बड्या माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. "म्हणजे तारण अडकलं आणि ओळखीवर सुटलं," हेडकॅशियर समाधानाने म्हणाला. साडेपाचशे वर्षांत आपल्या धंद्यात विशेष फरक पडलेला नाही, याचा त्याला केवढा आधार वाटला! या निकितिनवर १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपट निघाला होता आणि रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. घोड्याचं नाही.

होडी खाडीत शिरली तशी गुरुजींनी पोर्तुगीज काढले. १५०८ मध्ये याच पाण्यात त्यांच्या आरमाराचा पराभव झाला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरी पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्यांनी रेवदंड्याचा कोट उभा केलाच. समोरच्या टेकडीवरचा कोर्लईचा किल्ला त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये हे सगळं मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण कोर्लई गावात त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून घडलेली एक बोली राहून गेली. तिथली काही कुटुंबं आजही घरात ती बोलतात. "खातं बंद झालं तरी व्याज चालू," मी म्हणालो. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला सहावीतला माझा बाक आठवला.

इतका वेळ आजोबा होडीच्या काठाशी गप्प बसले होते. आमच्यातले बाकीचे लाटांना घाबरून मध्यभागी सरकले होते, त्यामुळे तिकडचा काठ त्यांच्या एकट्याचा होता. त्यांनी वाकून ओंजळ भरली, थोडं पाणी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट."

"खाडीचं पाणी खारटच असणार, बाबा," तांडेल म्हणाला.

"आमच्याकडं व्हतं तवा ग्वाड व्हतं."

कुणी काही बोललं नाही. गुरुजी पहिल्यांदाच आपणहून खाली बसले. "तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं.

मग आजोबा बोलले. फार नाही, दहा-पंधरा मिनिटं. त्यांचा जन्म धरणानंतरचा. ते सांगत होते ते आज्याकडून ऐकलेलं. घर कुठे होतं, देवळाची पायरी कुठल्या तोंडाला होती, कुठल्या खाचरातला आंबेमोहोर शिजला की कुणाच्या अंगणापर्यंत वास जायचा. आज्याने सत्याग्रहात तुरुंग पाहिला, परत आला तोवर पाणी चढायला लागलेलं. "उन्हाळ्यात पानी उतारलं की जोत्याचं दगड वर येत्यात. बा मला हात धरून न्यायचा आन् दावायचा. ही वसरी, हितं चूल. आता मी नातवाला दावतो. त्यो म्हनतो, आबा, नुसतं दगडंच हायेत."

माझ्या डोक्यात नको ती तुलना आली. रेवदंड्याचा कोट पडका का होईना, पण पाण्याच्या वर आहे, म्हणून त्याला सनावळी आहे, पाटी आहे आणि छत्रीवाले गुरुजी आहेत. बाहेरून येऊन ज्यांनी हे गाव घेतलं त्यांच्या नावानिशी आम्ही तासभर ऐकत होतो. आणि त्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या शाखेपासून काही मैलांवर, जी गावं बुडाली त्यांचे मार्गदर्शक आमच्या काउंटरसमोर रांगेत उभे असतात आणि आम्ही त्यांना फक्त "बाबा, अंगठा नीट दाबा" एवढंच म्हणतो.

होडी धक्क्याला लागल्यावर हेडकॅशियरने वही काढली. होडीभाडं, गुरुजींचं मानधन, शहाळी. बेरीज केली, दहाने भागली आणि प्रत्येकाचा हिस्सा पैशापर्यंत काढला. आजोबांना कुणीतरी "राहू द्या हो" म्हणालं. ते त्यांना आवडलं नाही. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तांडेलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "व्हडी तुमची, पानी आमचं. शंभर वर्सं झाली, तुमी त्याच्यावर व्हड्या चालवताय. घ्या वळतं करून."

तांडेल खो खो हसला. हेडकॅशियरने मात्र गंभीरपणे वही पुन्हा उघडली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यासमोर एवढा रास्त दावा आला नव्हता. त्याने आजोबांच्या नावापुढे 'वळते' असं लिहून खाली रेघ मारली. उरलेल्या आम्ही नऊ जणांनी तो हिस्सा वाटून घेतला आणि कुणीही कुरकुर केली नाही. आमच्या शाखेच्या इतिहासात ही घटना निकितिनच्या घोड्याइतकीच दुर्मिळ आहे.

निघताना गुरुजींनी आजोबांकडून गावाचं नाव नीट विचारून घेतलं आणि खिशातल्या डायरीत उतरवलं.

परवा आमच्या शाखेतला शिपाई पाहुण्यांना घेऊन तीच सहल करून आला. तो सांगत होता, गुरुजी अजून होडीत उभेच राहतात, तांडेल अजून "बसा" म्हणतो. पण यादी थोडी लांबली आहे. "इथे अरब आले, रशियन आला, पोर्तुगीज आले, मराठे आले," असं म्हणून झालं की ते खाडीच्या आतल्या बाजूला छत्री रोखतात आणि म्हणतात, "आणि १९२७ साली इथे मुळशी आली."

हमखास कुणीतरी विचारतं, "मुळशी कोण? राणी का?"

तेवढ्यापुरते गुरुजी खाली बसतात.

"सरका जरा," ते म्हणतात, "सांगतो."