रंगाआधीचा पांढरा

मेक्सिकोत रंगीत फोटो काढणं सोपं आहे. ग्वानाह्वातोच्या उतारावरची घरं, वाहाकाच्या बाजारातल्या मिरच्यांच्या राशी, जत्रेतले घेरदार झगे. कॅमेरा कुठेही धरा, चौकट भरून जाते. मी फोटो काढते आणि कागदाची शिल्पंही करते. त्यामुळे मला पुढचा प्रश्न पडतो: हा रंग उभा कशावर आहे?

त्याचं उत्तर मला तिथल्या ‘कार्तोनेरिया’ने, म्हणजे कागदकामाने दिलं. मेक्सिको सिटीचे पेद्रो लिनारेस हे या कामातले पिढीजात कारागीर. ईस्टरच्या आदल्या दिवशी जाळायचे ज्युडासचे पुतळे, मुखवटे, सणात फोडायच्या पिन्याता हे त्यांचं रोजचं काम. १९३६ च्या सुमारास ते फार आजारी पडले. तापात त्यांना पंखांचं गाढव, शिंगांचा कोंबडा असे प्राणी दिसले आणि ते सगळे ‘आलेब्रिखे’ असं ओरडत होते, असं ते सांगत. बरे झाल्यावर त्यांनी ते कागदात घडवले आणि तेच नाव या प्राण्यांना पडलं. १९९० मध्ये त्यांना मेक्सिकोचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. स्वप्नाची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्यांच्या हातांचं मोल जास्त वाटतं. गाढवाला पंख कुठून फुटले तर ते तोलून राहतील, हे त्या हातांना आधीच ठाऊक होतं.

या कामाची रीत आपल्याकडे कुणालाही लगेच कळेल. बोरूचा नाहीतर तारेचा सांगाडा, त्यावर गव्हाच्या पिठाच्या खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या, थरावर थर. मी पुण्यात हेच बांबूच्या कामट्यांवर करते आणि खळीत चिमूटभर मोरचूद घालते, म्हणजे कीड लागत नाही. पट्टी हाताने फाडायची. कात्रीची कड वर उठून दिसते. फाटलेली कड पातळ असते आणि पुढच्या थरात मुरून जाते. प्रत्येक थर नीट वाळू द्यायचा. मानेचा बाक, गुडघ्याचा ताण, सगळं इथेच ठरतं. मग अंगभर पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा.

या पांढऱ्या अवस्थेत प्राणी खरा दिसतो. बाजूने खिडकीचा उजेड आला की खांद्यातलं उणं लपत नाही. कुठल्याही कार्यशाळेत गेले की मी आधी पांढऱ्या, अर्धवट कामांचे फोटो काढते. पर्यटकांच्या छायाचित्रांत हे जवळजवळ कधीच नसतं, आणि ती मोठीच उणीव आहे.

वाहाका खोऱ्यातली आलेब्रिखे लाकडाची. सान मार्तीन तिल्काहेते आणि अरासोला ही त्यांची गावं. कोपालचं लाकूड ओलं असताना मऊ असतं, म्हणून ओलंच कोरतात; मग कितीतरी दिवस वाळवतात, पडलेल्या भेगा बुजवतात आणि त्यानंतर कुंचला हातात घेतात. बारीक ठिपके, नागमोडी रेघा, मित्लाच्या प्राचीन दगडी भिंतींवरची पायऱ्यापायऱ्यांची नक्षी. चांगल्या कामात ठिपक्यांची ओळ खांद्याच्या गोलाईवरून उतरताना बारीक होत जाते, पोटाखाली पुन्हा मोकळी होते. आकार जसा वळतो तसा रंग वळतो.

रंग स्वतः किती चंचल असतो, ते तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावात पाहावं. फड्या निवडुंगावरचे कोचिनीलचे किडे वाळवून कुटतात. तळहातावरच्या त्या लाल भुकटीवर लिंबू पिळलं की ती शेंदरी होते, सोडा घातला की जांभळी.

झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो तिकडून आला. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ मांडलेल्या वेदीवर तो ओसंडून वाहत असतो. कॅमेऱ्याला हा केशरी झेपत नाही, पाकळ्यांचा सपाट डाग होतो. मी एक्स्पोजर थोडं उतरवते आणि व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवते. मेणबत्त्यांच्या उजेडात तो कॅमेऱ्यावर सोडला तर उजेडातली ऊबच निघून जाते.

आणि या रंगीत देशाच्या थोर छायाचित्रकारांचं उत्तम काम काळ्यापांढऱ्यात आहे, याचं मला नवल वाटत नाही. मानुएल आल्वारेस ब्राव्हो तसेच, ग्रासिएला इतुर्बिदेही तशाच. १९७९ मध्ये इतुर्बिदेंनी हुचितानमध्ये डोक्यावर जिवंत इग्वाना घेतलेली बाई टिपली. रंगाचा टिपूसही नसताना ती बाई शिल्पासारखी उभी आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत होते, तेव्हा छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाचे काढलेले फोटोही काळेपांढरेच.

माझ्या शिल्पांत मी तिथले प्राणी उचलून आणत नाही. माझ्या टेबलावर सध्या भीमाशंकरच्या रानातला शेकरू आहे. तिथून घेतली आहे ती शिस्त. शेपटीचा झोक साधेपर्यंत रंगाची बाटली उघडायची नाही.

तिल्काहेतेला गेलात तर एवढं करा. बऱ्याच घरांत कोरतो एक आणि रंगवतात दुसरे, त्यात बायका पुष्कळ. सही मात्र अनेकदा एकाचीच असते. दोघांचीही नावं विचारा, फोटोखाली ती लिहा, आणि भाव पाडून मागू नका.