लग्नघरची देवी

लोकगीतांच्या वळणाच्या माझ्या कविता छपाईस निघाल्या आणि मुखपृष्ठाचा प्रश्न उभा राहिला. “वारल्यांच्या लग्नचौकातली पालघट देवी तेवढी उचलू,” प्रकाशक म्हणाले. मला ते रुचेना. डहाणूकडे सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी गाते, तेव्हा कुठे देवी घरात येते. ती दुकानाच्या फळीवर कशी मांडावी? जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र कागदावर रुजवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वाटेने चाललेल्या एका चित्रकर्तीकडून मी तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर काढून घेतला. तिचे नाव आत बारीक अक्षरांत नको, मुखपृष्ठावर माझ्या शेजारी हवे, एवढा हट्ट मात्र धरला. त्या घासाघिशीत पुस्तकाची दिवाळी हुकली. हुको बापडी!