बारा कपकेकांचं मैदान

खेळाचे कपकेक म्हणजे चेंडू, हे माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. त्याला कारणही होतं. कपकेकचा माथा गोल, चेंडूही गोल. लाल क्रीम सपाट करून मधोमध पांढऱ्या शिवणीच्या रेघा ओढल्या की क्रिकेट झालं. पांढऱ्यावर काळे पंचकोन म्हणजे फुटबॉल, केशरीवर काळ्या वक्ररेषा म्हणजे बास्केटबॉल. गवताचं नोझल लावून हिरवं क्रीम काढलं आणि त्यावर साखरेच्या पिठाची, म्हणजे फॉन्डंटची, इवलीशी बॅट टेकवली की मुलं दुरूनच ओळखायची. भिवंडीच्या आसपासच्या गावांत पावसाळा संपला की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्यामुळे अशा ऑर्डरना तोटा नव्हता. कुणी कबड्डीचे कपकेक मागितले तर मी समजावून सांगायचे, की त्यात ना बॅट ना बॉल, वर ठेवायचं काय? क्रिकेटचेच घ्या, छान दिसतील. हे मी मनापासून सांगत होते. ज्या खेळाला साहित्यच नाही, त्याची सजावट होणार नाही असंच मला वाटायचं.

हे मत हलवलं काल्हेरच्या एका मावशींनी. त्यांच्या भाचीचा वाढदिवस होता आणि पोर शाळेच्या कबड्डीच्या संघात होती. मी नेहमीचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बाय, ती क्रिकेट खेळतच नाही. तिला बॅट कशाला देतेस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी शेजारीच उभी होती. माझी ऑर्डरची वही घेऊन तिने मागच्या पानावर मैदान काढलं आणि एकेक रेघेचं नाव सांगत गेली: ही मध्यरेषा, ही निदान रेषा, ही बोनस रेषा, कडेच्या या पट्ट्या म्हणजे राखीव क्षेत्र.

त्या कागदाकडे बघत बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. महिलांच्या कबड्डीचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. म्हणजे एका संघाची बाजू 6 बाय 8. आणि बारा कपकेकच्या खोक्यात चारच्या तीन रांगा असतात. प्रत्येक कपकेकला दोन मीटर जमीन दिली की एका संघाचं अंगण खोक्यात मापात बसतं. निदान रेषा मध्यरेषेपासून 3 मीटरवर, म्हणजे ती दुसऱ्या रांगेच्या बरोबर मधून जाते. बोनस रेषा त्यापुढे 1 मीटर, म्हणजे तिसऱ्या रांगेच्या अलीकडच्या कडेला. राखीव क्षेत्र एकेक मीटरचं, म्हणजे दोन्ही कडांचा अर्धा अर्धा कपकेक. मी वर्षानुवर्षं एकेका कपकेककडे बघत होते. अख्खं खोकं मैदान म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

ती मुलगी मॅटवर नाही, मातीवर खेळते. म्हणून कोको आणि बारीक कुटलेल्या बिस्किटांची लालसर तपकिरी माती सगळ्या कपकेकवर पसरली. त्यावर पांढऱ्या क्रीमच्या रेषा. दोन कपकेकमधल्या फटीत रेष तुटते, पण दोन्हीकडची टोकं समोरासमोर आली की डोळा ती आपोआप जोडून घेतो. खेळाडू वरून पाहिल्यासारखे काढले: खांदे, पाठीवरचा आकडा, दोन हात. बचाव करणाऱ्या सात जणी सात कपकेकवर, चढाईची मुलगी आठव्यावर आणि उरलेले चार म्हणजे मोकळी माती. दोघींचे हात मी कपकेकच्या कडेपर्यंत नेले, तेव्हा शेजारच्या कपकेकवरचा हात त्यांना येऊन भिडला आणि साखळी तयार झाली. चढाईच्या मुलीचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकलेला.

खोकं उघडल्यावर ती मुलगी "छान आहे" वगैरे काही म्हणाली नाही. तिने आधी मोजलं. "सात जणी आहेत, म्हणजे बोनस मिळणार." समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनसचा गुण मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग चढाई करणारी परत कशी जाणार, साखळी कुठून बंद होणार, यावर तिचा मैत्रिणींशी वाद सुरू झाला. माझ्या चेंडूंकडे बघून असा वाद कधी झाला नव्हता. चेंडू ओळखायचा आणि खायचा, तिथेच तो संपायचा.

फॉन्डंटबद्दलचं मतही याच ओघात बदललं. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, साखर ओलावा ओढते, बाहुल्यांना घाम फुटतो आणि हातपाय वाकतात. मुलं त्या बाहुल्या काढून ताटलीच्या कडेला ठेवतात, हे तर प्रत्येक वाढदिवसाला दिसायचं. तरी मला त्या हव्याशा वाटायच्या, कारण कारागिरी त्यात आहे असं मी धरून चालले होते. मैदानाच्या रेषेला क्रीम पुरतं आणि ते सगळं खाल्लं जातं. हात मात्र स्थिर लागतो. सरळ, एकसारख्या जाडीची रेष काढणं बाहुलीपेक्षा अवघड आहे, असं मी आता अनुभवाने सांगते.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं आणि पुरुषांनी नेपाळलाच 54-36 असं. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्यानंतर खो-खोची ऑर्डर आली तेव्हा मी बॅटचं नावसुद्धा काढलं नाही. विश्वचषकात खेळाचं रूप वेगवान आणि संघ लहान होता. शाळेत मात्र मुलं जुन्या पद्धतीनेच खेळतात: आठ जण मध्यपाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा आणि समोर तीन धावक. आठ, एक आणि तीन. पुन्हा बाराच!

पण आठांची ओळ खोक्यात मावत नाही. म्हणून लांब बोर्ड कापून घेतला आणि दोन टोकांना वेफरच्या काड्यांचे खांब उभे केले. बसलेले खेळाडू आळीपाळीने उलट दिशेला तोंड करतात. त्यामुळे एका बाजूने पाहिलं तर चौघांच्या पाठीवरचे आकडे दिसतात आणि चौघांच्या छातीवरचा पट्टा. धावकांना दुसरा रंग दिला. मुलांनी खाण्याआधी पाठलाग करणारा कपकेक उचलला, बसलेल्या एकाच्या मागे आणून "खो" म्हटलं आणि त्याच्या जागी ठेवला. उठलेला कपकेक धावकांच्या मागे निघाला. क्रीम थोडं फिसकटलं, पण ते बघताना मला फार आनंद झाला.

क्रिकेटवर माझा राग नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरात सगळे ओरडत होते. आता मुलीसाठी क्रिकेटचे कपकेक मागितले तरी मी चेंडूवर थांबत नाही. ती फलंदाज आहे की गोलंदाज, क्षेत्ररक्षणाला कुठे उभी राहते, हे आधी विचारते. पॉइंटला उभं राहणाऱ्या मुलीला तिची जागा मैदानावर बरोबर दिसली पाहिजे.

एक खेळ मात्र या पद्धतीत अजून बसत नाही, तो म्हणजे मल्लखांब. तिथे सगळं उभं, आणि माझा बोर्ड आडवा. दोरीच्या मल्लखांबाची एक ऑर्डर हातात आहे. तीन मजली स्टँड घेऊन वरपासून खालपर्यंत पिळाची दोरी सोडायची आणि प्रत्येक मजल्यावर एकेक आसन दाखवायचं, असं मनात आहे. दोरी क्रीमची टिकणार नाही. तेवढ्यापुरतं फॉन्डंट पुन्हा मळावं लागेल, आणि पाऊस थांबलेला असला तर बरं.