आधी मोज, मग हात लाव

पुणे, रविवार

चि. ओंकार यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जुन्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा करून वर्गातल्या मित्रांना आणि फ्रँकफर्टच्या केतकीताईला तू एका जगात आणलंस, याचा मला फार अभिमान वाटतो. आता रोज संध्याकाळी सगळे ‘लॅग होतंय’ म्हणून वैतागतात आणि तू साठवलेल्या पैशांतून रॅम घ्यायची म्हणतोस. दुकानात जाण्याआधी एवढं वाच.

तक्रार एकच असली तरी कारण तीनपैकी कुठेही असू शकतं: खेळणाऱ्याच्या संगणकात, मधल्या वाटेवर किंवा तुझ्या सर्व्हरमध्ये. म्हणून प्रत्येकाला विचार: नेमकं काय दिसलं, किती वाजता, आणि त्याच वेळी बाकीच्यांचं कसं चाललं होतं? एकाचाच पडदा अडखळत असेल, नुसती मान वळवली तरी चित्र तुटत असेल, तर दोष बहुधा त्याच्या संगणकाचा. चित्र नितळ आहे, पण तो एकटाच पुढे जाऊन मागे खेचला जातो, तर वाटेत काहीतरी अडतंय. फोडलेला ठोकळा सगळ्यांनाच पुन्हा जागेवर दिसतो, गाईमेंढ्या थबकून एकदम पुढे सरकतात, तेव्हा मात्र सर्व्हरकडे बघायचं.

सर्व्हर सेकंदाला २० टिक करतो. म्हणजे त्या जगातली पिकं, प्राणी, रेडस्टोन हे सगळं एकदा हलवायला त्याला ५० मिलिसेकंद मिळतात. काम १०० मिलिसेकंदांचं झालं, तर टिक १० वर येतात आणि २० मिनिटांचा दिवस ४० मिनिटांचा होतो. तुझी आवृत्ती १.२०.३ किंवा त्यानंतरची असेल, तर ‘टिक क्वेरी’ ही आज्ञा दे. एका टिकला सरासरी किती वेळ लागतो ते कळेल. ५० च्या बरंच खाली असेल, तर सर्व्हरला दोष देऊ नकोस.

५० च्या वर गेलं तरी रॅम हे पहिलं उत्तर नाही. या जगाचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. रॅम दुप्पट केली म्हणून तो कोअर वेगाने चालत नाही. चारपाच जणांच्या साध्या जगाला ४ जीबी सहसा पुरतात. त्यापेक्षा कामच कमी कर. १.१८ पासून ‘सिम्युलेशन डिस्टन्स’ वेगळं ठरवता येतं. ते १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक, म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे, जिवंत ठेवावे लागतात. ६ केलंस की १६९. मात्र दूरचं शेत मग वाढायचं थांबेल, हे मित्रांना आधीच सांग. कोणी उडत उडत नव्या प्रदेशात गेलं, तर नवी जमीन घडवण्याचं ओझंही सर्व्हरवरच पडतं. नेमका भार कुठे आहे ते ‘स्पार्क’ हे मोजमापाचं साधन दाखवतं. पण कशालाही हात लावण्याआधी जगाची एक प्रत बाजूला काढून ठेव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन एकदम बदलल्यास, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

तुझ्या पत्रातला ‘संध्याकाळी’ हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी घरातल्या फोनांवरून फोटो-व्हिडिओ वर चढत असतात, आणि तुझा सर्व्हर मित्रांना जग दाखवतो तेही त्याच अपलोडमधून. राउटर जादा माहिती टाकून न देता रांगेत साठवतो; रांग लांबली की ठोकळा फोडल्याची बातमीही त्याच रांगेत उभी राहते. जिम गेटिस या अनुभवी अभियंत्यालाही २०१० च्या सुमारास आपल्या घरी हेच दिसलं. तो मोठ्या फाइली पाठवत असला की मुलं इंटरनेट मंदावल्याची तक्रार करायची. त्याने या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही रांग आटोक्यात ठेवायची रीत मांडली. तुमच्या राउटरमध्ये अशी रांग आवरणारी ‘एसक्यूएम’ ही सोय असेल, तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवून ते चालू कर. आधी खात्री मात्र कर: घरात शांतता असताना पिंग, म्हणजे निरोप जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, बघ, मग मोठी फाइल वर चढवताना पुन्हा बघ. २० चे ३०० झाले, तर चोर सापडला.

सर्व्हर वायफायवर असेल तर लॅनची केबल ओढ. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपीवर चालते. त्यात वायफायवर एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी थांबतात. थबकणं आणि मग एकदम धावणं बऱ्याचदा त्यातूनच येतं.

केतकीची गोष्ट वेगळी. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेतच सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ६५ मिलिसेकंद. खरी केबल वळसे घेते, म्हणून त्याहून बरेच जास्त. कुठल्याही सेटिंगने ते अंतर कमी होणार नाही. तिला हे स्पष्ट सांग, आणि लढाईपेक्षा बांधकामाची कामं तिच्याकडे दे. तिथे एवढा उशीर बोचत नाही.

तू सर्व्हर चालवतोस म्हणजे मित्र आपली संध्याकाळ तुझ्या हाती देतात. त्यांचं नीट ऐकून घेणं आणि अंदाजावर काही न ठरवणं ही तुझी जबाबदारी आहे, आणि ती तू निभावशील याची मला खात्री आहे. या आठवड्यात काहीही विकत घेऊ नकोस. एका संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी टिकची वेळ, पिंग आणि कोण काय म्हणालं ते वहीत लिही आणि मला पाठव. रॅम खरंच कमी पडते असं त्यातून दिसलं, तर अर्धे पैसे मी देईन.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी