ऐकणाऱ्याचा चेहरा

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेण्यात गेली. जिल्हा न्यायालयात मी लघुलेखिका होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, वकील विचारायचे, साहेब मजकूर सांगायचे आणि माझी पेन्सिल वहीवर पळायची. या कामात एक गोष्ट कायम निसटायची. उत्तर देण्याआधी साक्षीदार थांबतो, आवंढा गिळतो, समोर बसलेल्या भावाकडे बघतो. त्यातलं काही साक्षीच्या कागदावर येत नाही. क्वचित साहेब तसा शेरा लिहायला सांगत, पण बहुतेकदा प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली जागा कोरीच राहायची. त्या कोऱ्या जागेत माणसाचं काय काय होत असतं, ते मला ज्याँ-लुई त्रँतिन्याँ या फ्रेंच नटाने दाखवलं. कॉलेजात असताना त्याला पहिल्यांदा पाहिलं. आता मी निवृत्त आहे, तरी त्याचे सिनेमे पुन्हा पुन्हा लावते.

पहिला सिनेमा होता क्लोद लेलूशचा 'अ मॅन अँड अ वुमन'. आमच्या फिल्म सोसायटीचे खेळ एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायचे. लोखंडी खुर्च्या आणि मागे घरघरणारा प्रोजेक्टर. एक विधुर, एक विधवा. दोघांची मुलं दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी एकाच वसतिगृहात. मुलांना भेटून निघताना तिची गाडी चुकते आणि तो तिला आपल्या मोटारीतून पॅरिसला सोडायला निघतो. काचेवर पाऊस, वायपरची हालचाल, आणि ती आपल्या नवऱ्याबद्दल सांगते आहे. हॉलमधली सगळी मंडळी तिची भूमिका करणाऱ्या अनूक एमेकडे बघत होती, आणि तिच्याकडे बघावं असंच ते रूप होतं. माझी नजर मात्र गाडी चालवणाऱ्यावर खिळली. त्याचं लक्ष रस्त्यावर आहे, कान तिच्याकडे आहेत, आणि आपण हिच्यात गुंतत चाललो आहोत हे त्याच्या ओठांच्या कडेला कळतं आहे. १९६६ साली या सिनेमाला कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करही मिळालं. फ्रान्सिस ले याची धून जगभर गेली. माझ्याजवळ उरला तो हा ऐकणारा माणूस.

त्यातला नायक मोटार शर्यतपटू आहे, आणि ते त्रँतिन्याँला उसनं घ्यावं लागलं नव्हतं. त्रँतिन्याँचा जन्म ११ डिसेंबर १९३० चा, दक्षिण फ्रान्समधल्या पियोलँक गावचा. घरात मोटारींचं वेड. एक काका, लुई, १९३३ साली शर्यतीच्या मोटारीतच गेला. दुसऱ्याने, मोरिसने, मोनाकोची ग्राँ प्री दोनदा जिंकली. पुतण्या पुढे स्वतःही शर्यतींत उतरला आणि १९८० साली 'ल माँ'च्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावला. अशा घरातला हा मुलगा मात्र कमालीचा लाजाळू. एक्स-आँ-प्रोव्हाँसला कायद्याचं शिक्षण घेत असताना त्याने शार्ल द्युलँ या बुजुर्ग नटाला मोलिएरच्या 'कंजूष'मध्ये पाहिलं. त्याने कायदा सोडला आणि पॅरिस गाठलं. तिथे दक्षिणेकडचा हेल घालवण्यासाठी त्याला बरीच मेहनत घ्यावी लागली. १९५६ साली ब्रिजित बार्दोबरोबरच्या सिनेमाने नाव झालं, त्याहून जास्त बोभाटा झाला. मग सक्तीची लष्करी नोकरी आली आणि परतल्यावर त्याला जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

लाजाळू माणसाला गर्दीत एक काम आपोआप येतं, ते म्हणजे कान देण्याचं. त्रँतिन्याँने त्याचीच कला केली. १९६२ चा दीनो रिझीचा इटालियन सिनेमा 'इल सोर्पासो' घ्या. ऑगस्टमधला सणाचा दिवस, ओस पडलेलं रोम, अभ्यासाला बसलेला कायद्याचा विद्यार्थी रोबेर्तो. खिडकीखाली एक अनोळखी गडी मोटार थांबवतो, जरा फोन करू द्या म्हणतो आणि बघता बघता रोबेर्तोलाच बरोबर घेऊन जातो. तो गडी म्हणजे व्हित्तोरिओ गासमान. अखंड बोलणारा, हॉर्न वाजवणारा, कुणालाही ओव्हरटेक करणारा. रोबेर्तो शेजारी बसून ऐकतो. आता उतरावं, घरी परतावं, असं मनात म्हणत राहतो आणि उतरत नाही. दोन दिवसांत तो या माणसावर जीव टाकू लागतो, आणि त्याच आनंदाच्या भरात कड्यावरून कोसळलेल्या मोटारीत मरतो. खऱ्या आयुष्यात स्टिअरिंगवर हुकमत असलेला नट इथे शेजारच्या सीटवर अंग चोरून बसला आहे. त्या काळी इटलीत आवाज मागाहून भरत, त्यामुळे पडद्यावरचा आवाजही त्याचा नाही. चेहरा तेवढा त्याचा, आणि तो पुरतो.

१९६८ च्या 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये तर त्याला बोलायचंच नव्हतं. बर्फात घडणारा सेर्जिओ कोर्बुचीचा हा वेस्टर्न. लहानपणी गळा चिरल्यामुळे मुका झालेला बंदूकबाज त्याचा नायक. पुढच्याच वर्षी एरिक रोमेरचा 'माय नाइट अॅट मॉड्स' आला. त्यात उलट सगळं बोलणंच बोलणं. क्लेरमाँ-फेराँ गाव, नाताळ, बाहेर बर्फ, मॉडच्या घरी पास्कालवर आणि श्रद्धेवर रात्रभर गप्पा. कॅथलिक इंजिनिअर झालेला त्रँतिन्याँ घोंगडीत गुरफटून तिच्या पलंगावर आडवा होतो. आपली तत्त्वं तो नीट मांडतो; पण ती बोलू लागली की त्या तत्त्वांना हळूहळू घाम फुटलेला आपल्याला दिसतो.

त्याच १९६९ सालचा 'झेड' मी पाहिला तेव्हा कोर्टात लागून काही वर्षं झाली होती, त्यामुळे तो मी जवळजवळ दम रोखून पाहिला. कोस्टा-गाव्रासने ग्रीसमधल्या खऱ्या घटनेवर हा सिनेमा केला. १९६३ साली थेसालोनिकीत शांततावादी खासदार ग्रिगोरिस लांब्राकिस यांच्यावर भर रस्त्यात जीवघेणा हल्ला झाला, आणि पोलिसांनी तो अपघात म्हणून खपवायचा प्रयत्न केला. त्रँतिन्याँ तपासी न्यायाधीश झाला आहे. रंगीत काचांचा चष्मा, सपाट आवाज, कुणाच्या बाजूचा याचा पत्ता लागू न देणारा चेहरा. सिनेमा बराच पुढे गेल्यावर तो येतो आणि नुसते प्रश्न विचारत जातो. शेवटी बड्या अधिकाऱ्यांना एकामागून एक बोलावलं जातं. छातीवर पदकं, तोंडात धमक्या. तो मान वर न करता एवढंच विचारतो : आडनाव, नाव, पेशा. शेजारी टाइपरायटर खडखडत असतो. आरोप ऐकून बाहेर पडताना प्रत्येक जण चुकीच्या दाराशी जातो आणि कुलूप लागलेलं ते दार ओढत राहतो.

नाव, वय, धंदा, राहणार : हे चार शब्द माझ्याही वहीत रोज सगळ्यांत आधी येत. बागायतदार असो की भंगारवाला, साक्षीची सुरुवात त्याच चार शब्दांनी. त्या सपाट ओळीत केवढी ताकद असते, हे मला 'झेड'ने पटवलं. या कामासाठी त्रँतिन्याँला कानचं उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. ज्यांच्यावरून ती भूमिका बेतली होती, त्या ख्रिस्तोस सार्त्झेताकिस यांना ग्रीसच्या लष्करशाहीने बडतर्फ केलं, तुरुंगात टाकलं. १९८५ साली तेच ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले. सिनेमात मात्र न्यायाधीशाला दूर केलं जातं, साक्षीदार मरतात आणि लष्कर सत्ता बळकावतं. नीट ऐकलं म्हणून न्याय होतोच असं नाही, हे सिनेमा लपवत नाही.

इथपर्यंत ऐकणं हा मी निखळ सद्गुण मानत होते. बेर्तोलुचीच्या 'द कन्फर्मिस्ट'ने (१९७०) त्याला दुसरी बाजू आहे हे दाखवलं. मार्चेल्लो हा मुसोलिनीच्या राजवटीचा हस्तक. आपल्या जुन्या प्राध्यापकाच्या खुनात सामील व्हायला पॅरिसला आलेला. चारचौघांसारखं दिसावं, एवढीच त्याची आयुष्याकडून मागणी. बर्फाळलेल्या जंगलात प्राध्यापकाला भोसकलं जातं. त्याची बायको आन्ना धावत मार्चेल्लोच्या मोटारीशी येते. तिच्यावर याचं प्रेम आहे. ती काचेवर हात आपटते, किंचाळते. तो आत बसलेला. काच बंद. दोन चेहऱ्यांत वीतभर अंतर. तो बघतो, ऐकतो आणि हलत नाही. ती पळत सुटते, मारेकरी तिच्या मागे लागतात. त्या काचेआडच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही, क्रौर्य नाही, भीतीसुद्धा धड नाही. आत कुणी राहतच नसावं, असा तो चेहरा आहे. त्याच सिनेमाच्या काळात रोममध्ये त्रँतिन्याँची पोलीन ही तान्ही मुलगी झोपेतच गेली. तरी त्याने काम पुरं केलं.

त्यानंतर कोर्टात मी वेगळ्या नजरेने बसू लागले. भांडण ऐकून गप्प राहिलेले शेजारी, लेकीचा फोन ऐकून 'थोडं सोस' म्हणालेले आईबाप, सगळं ठाऊक असलेले पंच. पिंजऱ्यात येऊन तेही शपथेवर हेच सांगत की आवाज ऐकला होता.

नव्वदच्या दशकात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये किस्लोव्स्कीचा 'थ्री कलर्स : रेड' पाहिला. जिनिव्हातला निवृत्त न्यायाधीश जोसेफ कर्न घरात बसून शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकतो. त्याची कुत्री व्हॅलेंटिनच्या मोटारीखाली येते आणि ती तरुण मुलगी त्याच्या दारात पोहोचते. फोनची गोष्ट कळल्यावर ती हादरते. शेजारच्या घरातला नवरा आपल्या मित्राशी लाडीगोडीत बोलतो आहे. त्या घरी जाऊन सांग, असं कर्न तिलाच सुचवतो. ती जाते. बायको दार उघडते, आणि आतल्या फोनवर त्या घरातली लहान मुलगी बापाचं बोलणं ऐकते आहे. व्हॅलेंटिन काही न बोलता परत येते. कर्न तिला टोमणा मारत नाही. मग एके दिवशी तो पोलिसांना आणि शेजाऱ्यांना स्वतःच पत्र लिहून आपला गुन्हा कळवतो. लोक दगड मारून त्याच्या घराच्या काचा फोडतात. व्हॅलेंटिन झालेली इरेन जाकॉब समोर बसून बोलते तेव्हा त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं गोठलेलं काहीतरी वितळायला लागतं. त्रँतिन्याँ तेव्हा साठी ओलांडून पुढे आला होता. त्याचं याहून मोठं काम मला ठाऊक नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात त्याची मुलगी मारी, स्वतः उत्तम अभिनेत्री, व्हिल्नियसमध्ये जोडीदाराच्या मारहाणीत जबर जखमी झाली आणि १ ऑगस्टला गेली. बापलेक मिळून अपोलिनेरच्या कविता रंगमंचावर वाचत असत. तिच्यानंतर त्याने सिनेमा जवळपास सोडला, पण कविता सोडल्या नाहीत. दृष्टी अधू होत गेली. सोबत वाद्यं, समोर प्रेक्षक, आणि प्रेव्हेर, व्हियाँ, देस्नोस यांच्या कविता मुखोद्गत. जन्मभर ऐकण्याचा अभिनय केलेला माणूस आता लोकांना ऐकवत होता.

मिखाएल हानेकेने त्याच्यासाठीच लिहिलेला 'आमूर' २०१२ साली आला. त्याच सुमारास माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, म्हणून तो सिनेमा मी एकटीने पाहिला. जॉर्ज आणि आन, दोघं संगीताचे निवृत्त शिक्षक. आनला झटके येत जातात. ती 'दुखतंय, दुखतंय' एवढंच म्हणत राहते. जॉर्ज तिचा हात कुरवाळत लहानपणीच्या शिबिराची गोष्ट सांगतो : आईला पाठवायची पत्रं, मग झालेला घटसर्प, आणि काचेपलीकडून भेटलेली आई. ती शांत होते. आणि मग तो उशी उचलून तिच्या तोंडावर दाबतो. त्याने केलं ते बरोबर की चूक, हे सिनेमा सांगत नाही, मलाही सांगता येणार नाही. वडिलांचं कण्हणं रात्री ऐकलेल्या मला एवढं मात्र माहीत आहे की आपल्या माणसाचं दुखणं सतत कानावर येणं ही काय चीज आहे, ते या नटाला पुरतं कळलं होतं. 'आमूर'लाही कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्रँतिन्याँ आणि आन झालेली इमान्युएल रिवा दोघांनाही सेझार मिळालं.

२०१९ साली लेलूशने त्याला आणि अनूक एमेला पुन्हा एकत्र आणलं. तो वृद्धाश्रमात, आठवणी विस्कटलेल्या. ती भेटायला येते. १७ जून २०२२ रोजी, ९१ व्या वर्षी, तो गेला.

ऐकून घेणाऱ्या माणसाचं आपल्याकडे फार कौतुक होतं. त्रँतिन्याँचे सिनेमे एकापाठोपाठ एक पाहिले की ते कौतुक अपुरं वाटू लागतं. 'झेड'चा न्यायाधीश ऐकतो आणि आरोप ठेवतो. मार्चेल्लो ऐकतो आणि काच बंद ठेवतो. जॉर्ज ऐकतो आणि सोसवेनासं झाल्यावर उशी उचलतो. कानावर पडलं की माणूस त्या गोष्टीत सामील झालाच. पुढे तो काय करतो, त्यावर त्याची परीक्षा होते. म्हणून त्रँतिन्याँच्या सगळ्या भूमिकांत कर्नला मी सर्वांत वर ठेवते. चोरून ऐकणारा तो म्हातारा स्वतःच्या विरुद्ध स्वतःच साक्ष देतो, तीही कुणी समन्स काढलेलं नसताना. इतकी वर्षं मी हजारो लोकांच्या साक्षी उतरवल्या. तशी साक्ष देणारं माणूस मला कोर्टात फारसं भेटलं नाही. पण तसं होता येतं, अगदी उतारवयातसुद्धा होता येतं, यावर माझा विश्वास बसला आहे, आणि तो बसवणारा हा फ्रेंच नट आहे.