पडद्यामागचा दिवा

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात २००८ साली घेतलेला एक लॅपटॉप होता. बाप्तिस्म्याच्या दाखल्यांपासून रविवारच्या सूचनापत्रकापर्यंत सारी कामे त्याने इमानाने केली. २०१९ साली मात्र त्याने मला असा धडा दिला, जो सेमिनरीत शिकूनही माझ्या अंगी पुरता मुरला नव्हता.

धर्मग्रामातील एका मावशींच्या यजमानांची वर्षस्मरणाची मिस्सा होती. स्मृतिपत्रिकेसाठी त्यांनी एक जुने रंगीत छायाचित्र दिले. पडद्यावर ते लालसर दिसले. जुन्या रंगीत छायाचित्रांतील काही रंग उडून ती तांबूस होतात, हे मी जाणून होतो. म्हणून चेहरा नैसर्गिक वाटेपर्यंत मी त्यातील लाल रंग कमी केला आणि दोनशे पत्रिका छापावयास दिल्या. छापून आला तो निळसर, निस्तेज चेहरा. मावशी रागावल्या नाहीत. "फादर, आमचे हे असे नव्हते हो," एवढेच म्हणाल्या. मी छापखानदाराला फोन केला आणि नको तितके कठोर बोललो.

तो गृहस्थ वाद न घालता स्वतः आला आणि त्याने मूळ छायाचित्र मागितले. ते माझ्याच टेबलाच्या खणात होते. पत्रिकेशेजारी ठेवताच दिसले, की त्यातील रंग जसेच्या तसे होते. पडद्याशेजारी ते धरून पाहण्याचे मला सुचलेच नव्हते.

सायंकाळी धर्मग्रामातील एका जाणत्या तरुणाने लॅपटॉप तपासला. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चुकून सुरू राहिली आहे का, हे त्याने प्रथम पाहिले. ती बंदच होती. मग लॅपटॉप नव्याने सुरू केला. विंडोज येण्यापूर्वीची अक्षरेही लालसर होती, म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नव्हता. दुसरा मॉनिटर जोडला, त्यावर रंग अचूक आले. झाकण हळूहळू उघडमीट केले. केबल सैल असती तर रंग लुकलुकले असते, पण ते स्थिर राहिले.

"फादर, दिवा थकलाय," तो म्हणाला. अशा पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत पडद्यामागे काडीसारखी बारीक, पाऱ्याची वाफ असलेली नळी तेवत असते. नळी जुनी झाली, आतला लेप झिजला, की पांढरा प्रकाश तांबूस होत जातो. हा बदल इतका सावकाश होतो, की डोळा त्यालाच पांढरे मानू लागतो.

त्या रात्री झोप आली नाही. अमक्याचा मुलगा बिघडला, तमक्या घराची श्रद्धा आटली, अशी मते मी वर्षानुवर्षे बनवीत आलो होतो, आणि उपदेशाने त्यांचे रंग सुधारूही पाहत होतो. ते सारे मी कोणत्या दिव्याच्या प्रकाशात पाहत होतो? आत्मपरीक्षण करताना आपण पडद्यावरची चित्रे तपासतो. मागचा दिवा तपासायचा राहून जातो.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन मी क्षमा मागितली आणि माझ्या खर्चाने पत्रिका पुन्हा छापून घेतल्या. नवी पत्रिका हाती घेऊन मावशींनी चेहऱ्यावरून बोट फिरवले. त्या काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून रंगांविषयी मत देण्यापूर्वी मी पडद्याशेजारी एक कोरा पांढरा कागद धरतो. माणसांविषयी मत देण्यापूर्वी मात्र थोडा वेळ प्रार्थनेत बसावे लागते.