टेकडीवरचे मैदान

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात नेल्सवर्थ हे लहानसे गाव आहे. भोवतीच्या दऱ्यांत एकेकाळी ओढ्यांच्या पाण्यावर लोकरी कापडाच्या गिरण्या चालत. तेथील लाल कापड ब्रिटिश सैन्याच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होते. गावातून चढ चढून गेले की माथ्यावर फॉरेस्ट ग्रीन ही वस्ती लागते आणि तेथेच फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या फुटबॉल क्लबचे ‘न्यू लॉन’ मैदान आहे. क्लब १८८९ चा, मैदान २००६ चे, प्रेक्षकांची सोय जेमतेम पाच हजारांची.

२०१० साली पवनविजेच्या व्यवसायातील डेल विन्स अडचणीत आलेल्या या क्लबचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी लाल मांस बंद झाले आणि २०१५ पर्यंत मासे, अंडी, दूध, लोणी असे सारेच मुदपाकखान्यातून गेले. सामन्याच्या दिवशीची खाद्यविक्री हा लहान क्लबांचा रोखीचा आधार. अडचणीतल्या पेढीने खपणारा माल फळीवरून उतरवावा, हे कोणत्याही हिशेबनिसाला धाडसच वाटेल. प्रेक्षकांतही प्रारंभी कुरकुर झालीच.

श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत; त्यांत विषवाणिज्य येते. या मैदानाच्या हिरवळीवर कीटकनाशक फवारले जात नाही, गवत सौरऊर्जेवरील यंत्र कापते, पावसाचे पाणी साठवून पुन्हा दिले जाते. विन्स यांनी आपले ग्रंथ वाचले असण्याचा संभव नाही. तरी ग्राहकाने घरी काय खावे याविषयी क्लबचा नियम नाही, नियम आहे तो विक्रेत्यावर. आणि कर्मादानांचा रोखही व्यापाऱ्याकडेच आहे.

२०१७ मध्ये संघ प्रथमच इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये पोचला, २०२२ मध्ये आणखी एक पायरी चढला आणि २०२४ पर्यंत होता तेथे परतला. मुदपाकखान्याचा नियम या चढउतारात बदलला नाही.

जैन कुटुंबाला तेथेही अडचण येईलच. बटाट्याचे काप आहेत; रसवाणिज्यात मोडणारी बिअरही विकली जाते. पण दुधाचा प्रश्न त्यांनी आपल्यापुढे ठेवला आहे. आटलेल्या गाईचे पुढे काय होते, हे पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाला सांगावे लागत नाही. पेढीवरच्या चहातले दूध मात्र पांजरपोळातून येत नाही. न्यू लॉनवरही चहा मिळतो, तो वनस्पतिजन्य दुधाचा. गाईचे दूध मागितले तरी मिळत नाही.